मराठी फाईल स्क्रीन रीडर वाचत नाही? आधी एक ओळ कॉपी करून बघा

लक्षणं आधी सांगतो, कारण निम्मं निदान त्यातच होतं.

फोन करणारा माणूस साधारण यांपैकी एक वाक्य बोलतो. "पीडीएफ उघडते, पण मोबाईल गप्पच." "मराठी सगळं सोडून देतो, मधले इंग्रजी शब्द आणि आकडे तेवढे वाचतो." "नुसती एबीसीडी बडबडतोय." "शब्द तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात." "वाचतो बरा, पण पंचवीसला पच्चीस म्हणतो." "डाव्या रकान्यातली अर्धी ओळ आणि उजव्यातली अर्धी, अशी खिचडी होते." "फोटोपाशी आला की आयएमजी आणि पुढे दहाबारा आकडे." ज्यांना थोडंफार दिसतं त्यांची तक्रार वेगळी असते: "अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ती करडी अक्षरं तर दिसतच नाहीत."

मी सांगलीत डीटीपीचं काम करतो. पेजमेकर हा पानं जुळवायचा जुना प्रोग्रॅम आणि श्रीलिपी हे मराठी फाँटांचं पॅकेज, या दोन्हींवर हात बसलेला माणूस. एका वाचनालयाचं त्रैमासिक बरीच वर्षं मी जुळवत होतो. छापील अंकाबरोबर त्याची पीडीएफही व्हॉट्सॲपवर जायची. एके दिवशी आमच्या शाळेतल्या सरांचा फोन आला. सरांची नजर मधुमेहात गेलेली. मोबाईल वाचून दाखवतो, ते ऐकतात. म्हणाले, "अरे, यंदा अंक इंग्रजीत काढलास का?" मला वाटलं सर थट्टा करतायत. त्यांनी फोन स्पीकरला लावून ऐकवला, तेव्हा अंगावर काटा आला. पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरं, एका सुरात.

त्यानंतर सोसायटीच्या नोटिसा, शाळेची पत्रकं, दोन दिवाळी अंक, एका ट्रस्टचा अहवाल, लग्नपत्रिकासुद्धा, हेच दुखणं घेऊन माझ्याकडे आलं. रूप दर वेळी वेगळं, मूळ बहुतेकदा एकच: पानावर अक्षर दिसतं, पण फाईलमध्ये ते अक्षर नसतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याचा कधीच पत्ता लागत नाही, म्हणून वर्षानुवर्षं हे चालतं.

स्क्रीन रीडर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, विंडोजवर एनव्हीडीए. यातला एनव्हीडीए फुकट आहे. मायकेल करन आणि जेम्स टे या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरांनी उभा केलेला, २००६ पासून चालू असलेला. म्हणजे तुमची फाईल तपासायला एक रुपयाही लागत नाही.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी. क्रम मोडू नका. मी मोडला होता, आणि नुसता फोनमध्ये आवाज नव्हता म्हणून चाळीस पानांचा अंक नव्याने जुळवत बसलो होतो.

पहिली तपासणी: वाचकाच्या फोनमध्ये मराठी आवाज आहे का?

लागतात दोन मिनिटं. मराठी सोडून फक्त इंग्रजी आणि आकडे वाचले जात असतील, तर बहुतेक वेळा हेच कारण. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' शोधायचं, गूगलचं इंजिन निवडायचं आणि त्यात मराठी आवाजाचा डेटा उतरवायचा. एनव्हीडीएबरोबर ईस्पीक नावाचं इंजिन येतं, त्यात मराठी आहे. आवाज डब्यातून आल्यासारखा, पण सवय झालेले लोक तोच पसंत करतात, कारण वेग खूप वाढवला तरी अक्षर कळतं. सर ज्या वेगाने ऐकतात त्या वेगात मला एक शब्द कळत नाही.

खात्री करायची तर वाचकाला व्हॉट्सॲपवर एक साधी मराठी ओळ टाइप करून पाठवा. ती नीट वाचली गेली आणि फाईल वाचली गेली नाही, तर फोन निर्दोष. दोष आपल्याकडे. इथे एक विनंती: "तुमचा मोबाईल जुना असेल" हे वाक्य ही ओळ पाठवण्याआधी तोंडातून काढू नका.

दुसरी तपासणी: एक ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा

ही सगळ्यात महत्त्वाची. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायच्या संदेशात पेस्ट करा. वर्डमध्ये मुळीच नको. वर्ड मजकुराबरोबर फाँटही उचलतो, मग तुमच्या संगणकावर सगळं सुरेख मराठी दिसतं आणि तुम्ही फसता. नोटपॅडला असला मुलाहिजा नाही. आत जे आहे तेच तो दाखवतो. स्क्रीन रीडरच्या कानावरही तेच पडतं.

पाच गोष्टी होऊ शकतात. ओळ निवडताच येत नाही, कर्सर पानावर नुसता चौकोन काढतो: ते पान म्हणजे फोटो आहे. ओळ निवडता येते पण कॉपी होत नाही: फाईलला कुलूप आहे. पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा येतो: जुना फाँट. मराठीच येतं, पण 'किल्ला'ची वेलांटी पुढे पळते आणि जोडाक्षरं विस्कटतात: पीडीएफ बनवताना घोळ झालाय. आणि स्वच्छ मराठी आलं, तर मजकूर ठीक आहे, दुखणं मांडणीत आहे. सरळ मांडणीच्या तपासणीकडे जा.

कुलपाचं इथेच उरकतो. पीडीएफवर कॉपीबंदी लावताना ॲक्रोबॅट या पीडीएफच्या प्रोग्रॅममध्ये स्क्रीन रीडरला मजकूर वाचू देण्याची वेगळी खूण असते. ती काढून टाकलेली असली तर चोर अडतोच, वाचकही अडतो. मूळ फाईल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून खूण करून घ्या.

पान फोटो असेल तर

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त. पत्र टाइप करायचं, छापायचं, सही-शिक्का मारायचा, मग मोबाईलने फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. टाइप केलेला मजकूर हातात असताना त्याचं चित्र करून पाठवायचं!

उपाय ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारी सोय, हा नाही. उपाय म्हणजे ज्यानं टाइप केलं त्याला फोन करून मूळ फाईल मागणं. पाच मिनिटांचं काम, आणि दहातल्या सहा-सात वेळा फाईल मिळते. सही-शिक्क्याचा फोटो पुरावा म्हणून जाऊ द्या, पण त्याच्याखाली तोच मजकूर टाइप करून टाका. "उद्या सकाळी १० ते ४ पाणी बंद" एवढ्यासाठी कुणाला शेजारच्या पोराची वाट बघायला लावायची?

मूळ नसेलच तर ओसीआर. गूगल ड्राइव्हमध्ये फोटो किंवा पीडीएफ चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर वेगळा होऊन मिळतो. मराठीवर ते बरं चालतं. टेसरॅक्ट हे फुकटचं साधनही मराठी ओळखतं, पण ते चालवायला थोडी तांत्रिक हातोटी लागते. सरळ, उजेडात काढलेल्या छापील पानावर निकाल चांगला येतो. घडी पडलेल्या, सावली आलेल्या पानावर 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' एकमेकांच्या जागा घेतात, अनुस्वार गळतात. आकड्यांची फार काळजी घ्या. शब्द चुकला तर वाचक अंदाज बांधतो. रकमेतला किंवा तारखेतला आकडा चुकला तर त्याला कळायला मार्गच नाही.

पुस्तकाचं स्कॅनिंग करायला बसणार असाल तर आधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात ते आहे का बघा. २०१६ पासून चालू आहे, आणि कुणीतरी तेच पुस्तक आधी तयार केलेलं असू शकतं. कॉपीराइटची भीती घालणारे भेटतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग वाचकासाठी, नफा न घेता, वाचता येईल अशी प्रत करायला मुभा आहे. ती प्रत त्या वाचकासाठीच, गावभर वाटायला नाही. अंध वाचकांच्या पुस्तकांसाठीचा माराकेश करार २०१३ साली झाला, आणि त्याला सगळ्यात आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारतच.

जुना फाँट असेल तर

डीटीपीवाल्यांना यातलं निम्मं ठाऊक असतं, पण त्याचा परिणाम ठाऊक नसतो. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत मराठी अक्षरांची चित्रं भाडेकरू म्हणून राहतात. कृतिदेवमध्ये 'भारत' टाइप करा. पडद्यावर भारत दिसतं, पण फाईलमध्ये साठतं एच, के, के, जे, आर. डोळ्यांना भारत, कानांना एच-के-के-जे-आर. सरांनी मला ऐकवलं ते हेच, फक्त माझा फाँट दुसरा होता.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला स्वतःच्या खोल्या मिळाल्या. तरी आमच्या धंद्यात जुने फाँट टिकले, कारण पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधी जमलीच नाही, आणि छपाईची प्लेट निघाली की आमचं काम संपायचं. फाईलमध्ये आत काय आहे, हे विचारणारं कुणी नव्हतं.

उपाय कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम. पण आधी फाँटचं नेमकं नाव हवं. ॲडोबी रीडरमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँट्सचा विभाग असतो, तिथे ते लिहिलेलं असतं. प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक सापडतो. 'श्रीलिपी आहे' एवढ्यावर भागत नाही. चुकीचा कन्व्हर्टर लावला तर कचऱ्याचा दुसरा कचरा होतो, आणि तो मराठी अक्षरांत असल्यामुळे लवकर लक्षातही येत नाही. मजकूरही शक्यतो पीडीएफमधून न उचलता मूळ पेजमेकरच्या फाईलमधून घ्या. मजकुरात खरेखुरे इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते असतील तर ते आधी बाजूला काढा, नाहीतर कन्व्हर्टर त्यांचीही देवनागरी भाजी करतो.

कन्व्हर्ट झाल्यावर काय तपासायचं? रफार: 'सर्व'चा 'सवर्', 'कार्य'चा 'कायर्' होणं ही नेहमीची खोड. मग आपला मराठी 'ऱ्य'. हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरांना त्याची पर्वा नसते. 'आचाऱ्यांना जेवण वाढले' आणि 'आचार्यांना जेवण वाढले' यांत केवढा फरक! मग 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या मजकुरात 'अ'वर वेगळा चंद्र चिकटवलेला सापडतो. दिसतं सारखं, शोधायला गेलं की सापडत नाही. विसर्गाच्या जागी कोलन आणि पूर्णविरामाच्या जागी उभी रेघ हेही एकदा शोधून बदला.

यानंतर डोळ्यांनी प्रूफ वाचून थांबू नका. फाईल मोबाईलकडून वाचून घ्या आणि मूळ पान समोर ठेवून ऐका. कान असल्या चुका फार चटकन पकडतो. आता सर प्रत्येक अंकानंतर शुद्धलेखनाच्या चुका सांगायला फोन करतात, अगदी पान नंबरसकट. आमच्या मुद्रितशोधकांना त्यांचा धसका आहे.

मराठी तुटक येत असेल तर

मजकूर युनिकोडमध्येच आहे, वर्डमध्ये ठीक दिसतो, पण पीडीएफ केली की 'किल्ला' बिघडतो. हे लोकांना कोडं वाटतं. पीडीएफ ही मुळात पानाचा नकाशा आहे: कुठला आकार कुठे काढायचा याची नोंद. 'कि' काढताना वेलांटी 'क'च्या आधी काढली जाते, म्हणून नोंदही आधी होते. 'क्ष', 'त्र', 'ल्ल' हे एकेक आकार. त्यांच्या मागे मुळात कोणती अक्षरं होती याची यादी फाईलमध्ये असायला लागते. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने ती यादी अर्धवट लिहिली की वाचणारा गोंधळतो.

पहिला इलाज फुकट: 'प्रिंट' करून पीडीएफ बनवू नका. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' मधून पीडीएफ करा आणि पर्यायांमध्ये ॲक्सेसिबिलिटीसाठीच्या स्ट्रक्चर टॅगची (हे शीर्षक, हा परिच्छेद, हा फोटो असं स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या खुणांची) खूण आहे ना बघा. प्रिंटच्या वाटेने गेलं की शीर्षकं, फोटोंची वर्णनं, सगळं गळून पडतं. इनडिझाइन या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्यांनी परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलाय ना ते पाहावं. तो नसेल तर जोडाक्षरं पानावरच मोडतात.

एवढं करूनही देवनागरी पीडीएफ कधीकधी तुटकच राहते. तिथे मी वाद घालत नाही. पीडीएफबरोबर वर्डची फाईल किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाईल) पाठवतो. मोठ्या अक्षरात वाचणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो, कारण ओळ पडद्याच्या रुंदीत आपोआप बसते. पीडीएफमध्ये ती बाहेर पळते. "वर्डमध्ये कुणी मजकूर बदलला तर?" असं विचारणारे संपादक भेटतात. अधिकृत प्रत पीडीएफ, वाचायची प्रत वर्ड, असं पहिल्या ओळीत लिहा आणि विषय संपवा.

पच्चीस ऐकू येत असेल तर

मजकूर मराठी, पण फाईलला वाटतं हिंदी. देवनागरी दिसली की पुष्कळ प्रोग्रॅम हिंदीच धरून चालतात. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडा, 'रिव्ह्यू'मध्ये 'लँग्वेज' उघडा, प्रूफिंगची भाषा मराठी करा. मध्ये इंग्रजी उतारा असेल तर तेवढा निवडून त्याला इंग्रजी. भाषा बदलली की आवाजही बदलावा, असं एनव्हीडीएला सांगता येतं, पण फाईलने भाषा सांगितली तरच तो ऐकणार. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि जवळजवळ कुणीच करत नाही.

मजकूर स्वच्छ आहे, तरी ऐकवत नाही

आता मांडणी. इथे वेळ जातो, पैसे नाहीत.

शीर्षकं आधी. अक्षर ठळक केलं, मोठं केलं, मध्ये आणलं, म्हणजे ते डोळ्यांना शीर्षक. स्क्रीन रीडरला ती एक साधी ओळ. वर्डच्या स्टाइल्समधलं 'हेडिंग १', 'हेडिंग २' लावा. डोळस माणूस अंक चाळतो, नको तो लेख सोडतो. अंध वाचक एनव्हीडीएमध्ये एच दाबत एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उड्या मारतो. त्याचं चाळणं ते. शीर्षकंच नसतील तर बाराव्या पानावरची कविता ऐकायला आधीची अकरा पानं ऐकावी लागतात. माझ्या मते सगळ्या मांडणीत करायची एकच गोष्ट निवडायची झाली तर ही.

शीर्षकात अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून मध्ये स्पेस देणारे खूप आहेत. 'सं पा द की य' असं लिहिलं की ते पाच तुकड्यांत ऐकू येतं. अंतर फाँटच्या सेटिंगमधून वाढवा. लेखाखाली फुल्यांची किंवा बरोबरच्या चिन्हांची ओळ काढू नका. काही फोनवर ती फुली-फुली-फुली अशी शेवटपर्यंत ऐकावी लागते. निरोपाच्या शेवटी वीस नमस्कारांच्या इमोजी? वाचक वीस वेळा 'जोडलेले हात' ऐकतो. एक नमस्कार पुरतो.

दोन रकाने हवे असतील तर वर्डच्या 'कॉलम्स' सोयीने करा. टॅब मारून किंवा तक्ता आखून केलेले रकाने आडवे वाचले जातात. खिचडी होते ती त्यामुळेच. तरंगत्या चौकटी तर टाळाच. चौकटीतला मजकूर कुठल्या ओळीनंतर वाचला जाईल हे पान बघून सांगता येत नाही, कधी तो वगळलाही जातो. तक्ता फक्त तक्त्यासाठी, पहिली ओळ शीर्षकाची म्हणून नेमून, आणि घरं एकमेकांत न मिसळता.

फोटोंचं वर्णन. फोटोवर उजवं बटण, 'ऑल्ट टेक्स्ट', आणि एक-दोन वाक्यं. इथे दोन टोकं दिसतात. एक जण 'कार्यक्रमाचा फोटो' लिहून मोकळा होतो. दुसरा पडद्याच्या रंगापासून सुरुवात करतो. विचारायचं एवढंच: हा फोटो इथे का टाकला? 'नव्वदीच्या आजी ग्रंथपालांच्या हातून पुरस्कार घेताना; आजी हसतायत' हे पुरे. फोटोखाली तेच छापलेलं असेल तर पुन्हा सांगू नका. आलेख असेल तर त्यातले आकडेच लिहा, 'चढता आलेख' नव्हे. वेलबुट्टी असेल तर तिला शोभेची म्हणून खूण करा, म्हणजे स्क्रीन रीडर तिला ओलांडून जाईल. आणि फोटोवरच छापलेला मजकूर, आमंत्रणाची तारीख, वेळ, पत्ता, तो पूर्ण लिहायलाच हवा.

थोडं दिसणाऱ्यांसाठी: अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक. डब्ल्यूसीएजी नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत साध्या अक्षराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षराला ३ ला १ असं प्रमाण दिलंय. ते मोजून देणारी साधनं नेटवर फुकट मिळतात. दिवाळी अंकात कंदिलाच्या फोटोवर पिवळ्या अक्षरांत कविता छापणाऱ्यांनी एकदा तरी मोजून बघावं. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा थोडी जास्त जागा सोडा. आणि 'लाल रंगातली नावं प्रतीक्षा यादीतली' असली सूचना नको. नावापुढे तसं लिहा.

शेवटची घरगुती तपासणी: स्वतः ऐका

फोनवर टॉकबॅक चालू करा आणि आपली फाईल उघडा. पण आत शिरण्याआधी बाहेर पडायची वाट शिकून घ्या. टॉकबॅक चालू झाला की एका टिचकीने गोष्ट फक्त निवडली जाते, उघडायला दोन टिचक्या. पान सरकवायला दोन बोटं. हे ठाऊक नसल्यामुळे मी पहिल्यांदा पाऊण तास स्वतःच्याच फोनमध्ये अडकलो होतो, शेवटी सरांना विचारून सुटलो. सेटिंगमध्ये आधी आवाजाच्या दोन्ही बटणांचा शॉर्टकट लावून ठेवा; दोन्ही दाबून धरली की बंद. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि खालचा बाण धरला की सलग वाचन, इन्सर्ट आणि क्यू धरला की बाहेर.

मग पडदा पालथा ठेवा आणि तीन कामं करून बघा: ठरावीक लेख शोधा, एका फोटोत काय आहे ते सांगा, तक्त्यातला एक आकडा काढा. जिथे तुम्ही अडाल तिथे वाचक अडतो.

कुठे थांबायचं

आधी न थांबायचं: नोटीस, पत्रक, आमंत्रण, तीस-चाळीस पानांचा अंक, एवढ्याला कुणाला बोलवायची गरज नाही. वरचं सगळं एका दुपारचं काम आहे.

पण काही ठिकाणी हात आवरा. जुन्या फाँटातली शेकडो पानं आहेत आणि फाँटचं नावच सापडत नाही, तर कन्व्हर्टर बदलून बदलून बघण्यात आठवडे जातात. असं काम रोज करणाऱ्याकडे द्या. तयार पीडीएफमध्येच टॅग दुरुस्त करायचे असतील, म्हणजे वाचण्याचा क्रम, तक्त्यांची शीर्षकं, भरायचे रकाने, तर त्याला ॲक्रोबॅटची विकतची आवृत्ती आणि सराव दोन्ही लागतात. मी शिकायचा प्रयत्न केला, एका अर्जाच्या चार पानांत तीन दिवस घालवले, आणि शेवटी मूळ फाईलपासून नव्याने केलं. गणिताची सूत्रं, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, कायद्याची किंवा पैशाची कागदपत्रं यांत चूक महागात पडते. तिथे घरगुती ओसीआर नकोच. जुन्या शिळाप्रेसवरच्या पोथ्या आणि मोडी लिपीला तर हात लावू नका. ब्रेल प्रत हवी असेल तर स्वच्छ युनिकोड मजकुरावरून भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण छापण्याआधी ब्रेल वाचणाऱ्या माणसाने प्रूफ बघितलंच पाहिजे.

काम सरकारी कार्यालयाचं असेल तर हौसेवर सोडू नका. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे माध्यमांतला मजकूर अपंगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळेल हे बघणं सरकारचं काम आहे. त्याला तरतूद मागा आणि रीतसर काम द्या.

माणूस निवडताना एक गोष्ट बघा: त्याच्याकडे स्वतः स्क्रीन रीडर वापरणारा तपासनीस आहे का. पूर्ण कामाचे पैसे ठरवण्याआधी एक नमुना पान करून घ्या, त्यात तक्ता, फोटो आणि भरपूर जोडाक्षरं असू द्या, आणि ते तुमच्या वाचकाला ऐकवा. ऐकणाऱ्यालाही मोबदला द्या. सर माझ्याकडून घेत नाहीत, पण म्हणून दुसऱ्यांनी फुकट तपासून द्यावं असं नाही. ते तासाचं काम आहे.

देताना सोबत मूळ फाईल, पीडीएफ, आणि छापील एक प्रत द्या. फाँटही लागतील. ते बहुधा ज्या जुन्या संगणकावर अंक जुळवला त्यातच असतात, तेव्हा काम पुरं होईपर्यंत तो भंगारात देऊ नका, आणि भाच्याला फॉरमॅट मारू देऊ नका.